लखनौचा परवाना आणि भारताचा संगणक

उत्तर प्रदेश सरकारने १९७४ साली लखनौमध्ये ‘उत्तर प्रदेश इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन’ नावाची कंपनी काढली. तिच्या ‘अपट्रॉन’ या नावाचे दूरचित्रवाणी संच पुढे उत्तर भारतातल्या अनेक घरांत दिसू लागले. उदारीकरणानंतरच्या स्पर्धेत ते मागे पडले आणि बाजारातून दिसेनासे झाले. पण याच सरकारी कंपनीने १९७६ मध्ये दिल्लीतल्या मूठभर तरुण अभियंत्यांशी एक भागीदारी केली होती आणि तिची फळे देश आजही चाखतो आहे. त्या भागीदारीतून ‘हिंदुस्तान कॉम्प्युटर्स लिमिटेड’ (एचसीएल) ही कंपनी जन्माला आली. तिचाच विस्तार असलेल्या एचसीएलटेकमध्ये आज दोन लाखांहून अधिक माणसे काम करतात आणि तिची वार्षिक उलाढाल १३ अब्ज डॉलरच्या पुढे आहे.

या कंपनीचे संस्थापक शिव नाडर. संगणक कशासाठी, व्यवसाय कसा करावा आणि यश कशाला म्हणावे, या तीन प्रश्नांवर त्यांची मते ठाम आहेत. ती त्यांच्या भाषणांपेक्षा त्यांनी वेळोवेळी घेतलेल्या निर्णयांतून अधिक स्वच्छ दिसतात. म्हणून हे निर्णय एकेक करून, त्यांच्या काळाच्या संदर्भासह पाहायला हवेत.

कूपर, डीसीएम आणि गच्चीवरची खोली

नाडर यांचा जन्म १४ जुलै १९४५ रोजी तामिळनाडूतल्या मूलैपोळी या खेड्यात झाला. हे गाव आज तूतुकुडी जिल्ह्यात आहे. कुंभकोणम आणि मदुराई इथे शिक्षण घेतल्यावर कोइम्बतूरच्या पीएसजी कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजीतून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली. पहिली नोकरी मात्र त्यांना महाराष्ट्राने दिली. १९६७ साली ते वालचंद समूहाच्या कूपर इंजिनिअरिंगमध्ये रुजू झाले. या कंपनीची मुळे सातारा रोडच्या कारखान्यात आहेत. तिचे संस्थापक धनजीशा कूपर यांनी लोखंडी नांगर आणि डिझेल इंजिने बनवली आणि १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानपद, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्रिपदही सांभाळले. पुढे तो उद्योग वालचंद हिराचंद यांच्याकडे आला. भारतीय संगणक उद्योगाच्या एका कर्त्या पुरुषाने कामाची पहिली शिस्त मराठी मुलखात रुजलेल्या कंपनीत शिकावी, ही नोंद आपल्यासाठी मोलाची आहे.

तिथून नाडर दिल्लीला डीसीएम समूहात गेले. कापड गिरणी म्हणून नावाजलेल्या या समूहाने त्या काळात कॅल्क्युलेटर बनवण्याचा विभाग सुरू केला होता. या विभागात नाडर यांची गाठ अर्जुन मल्होत्रा, अजय चौधरी आदी समवयस्कांशी पडली. पगार चांगला होता, नोकरी पक्की होती. तरीही १९७५ च्या सुमारास नाडर आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी ती सोडली. सगळ्यांनी मिळून १,८७,००० रुपये उभे केले. कचेरी थाटली ती दिल्लीच्या गोल्फ लिंक्स भागात, मल्होत्रा यांच्या आजीच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत. कंपनीचे नाव होते मायक्रोकॉम्प.

डोक्यात संगणक होता, पण संगणकाला लागणारे भांडवल हाताशी नव्हते. म्हणून त्यांनी आधी कॅल्क्युलेटर विकायला घेतले. ‘टेलिव्हिस्टा’ या नावाने ते कॅल्क्युलेटर बाजारात आले आणि त्यांच्या विक्रीतून पुढच्या कामासाठी पैसा जमू लागला. जे आज विकता येते ते विकून उद्याच्या कामाला रसद पुरवायची, हा नाडर यांच्या व्यवसायविचाराचा पहिला धडा. कर्ज काढून मोठा डाव टाकण्यापेक्षा त्यांनी हप्त्याहप्त्याने पुढे जाणे पसंत केले.

कॅल्क्युलेटरच्या पोटातला संगणक

कॅल्क्युलेटर विकणारी माणसे संगणकाकडे वळली, यामागे एक विलक्षण तांत्रिक कारण आहे. भारतात पहिल्यांदा पूर्ण देशी बनावटीचा संगणक उभा राहिला तो मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. ‘टीफ्रॅक’ नावाचा हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. हजारो निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या या यंत्राला मोठी खोली आणि सतत थंड हवा लागे. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. असे यंत्र घडवायला राष्ट्रीय पातळीची संशोधन संस्थाच हवी होती. सहा मित्रांच्या कंपनीच्या आवाक्यातली ती गोष्ट नव्हती.

ही स्थिती नोव्हेंबर १९७१ मध्ये बदलली. अमेरिकेच्या इंटेल कंपनीने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. बिझिकॉम या जपानी कंपनीला आपल्या कॅल्क्युलेटरसाठी चिप हव्या होत्या. प्रत्येक प्रकारच्या कॅल्क्युलेटरसाठी वेगळे मंडल आखण्याऐवजी, आज्ञा दिल्या तसे वागणारी एकच चिप करावी, अशी कल्पना इंटेलच्या अभियंत्यांनी लढवली. जेमतेम २,३०० ट्रान्झिस्टरच्या त्या तुकड्यात संगणकाचा मेंदू मावला. म्हणजे जगातला पहिला व्यापारी मायक्रोप्रोसेसर कॅल्क्युलेटरच्या मागणीतूनच जन्मला.

याचा परिणाम दूरगामी झाला. संगणकाचा सर्वांत अवघड भाग आता तयार विकत मिळू लागला. त्याच्याभोवती स्मृती, कळफलक, पडदा, छपाईयंत्र यांची जुळणी करणे आणि त्याला कामाला लावणारी आज्ञावली लिहिणे, एवढे काम बाकी उरले. हे काम बुद्धीचे आणि चिकाटीचे होते. त्याला अवाढव्य कारखाना लागत नव्हता. दिल्लीच्या गच्चीवर बसलेल्या तरुणांनी हा बदल वेळेत ओळखला. खोलीभर पसरणाऱ्या आणि भाड्याने मिळणाऱ्या यंत्राचे दिवस सरणार, कचेरीतल्या टेबलाशी बसून चालवता येणारे यंत्र येणार आणि ते छोट्या कारखानदारालाही परवडणार, असे त्यांचे गणित होते. संगणन हे मोजक्या तज्ज्ञांच्या कुलूपबंद खोलीत राहू नये, ते जिथे काम चालते तिथे जावे, हा नाडर यांचा संगणकाविषयीचा मूळ विचार.

हीच वाट पुढे महाराष्ट्रातही कुणी कुणी चोखाळली. सातारा जिल्ह्यातून पुण्याला आलेले कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकाकडे वळले, आणि धाकटे भाऊ संजय यांच्या साथीने त्यांनी उभारलेली क्विक हील ही कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. लहान यंत्र उघडून पाहणारा हात मोठ्या यंत्रापर्यंत पोहोचतो, याचे हे मराठी उदाहरण.

सव्वीस टक्क्यांचा अर्थ

बुद्धी होती, बाजाराची जाण होती, पण परवाना नव्हता. १९५१ च्या उद्योग (विकास आणि नियमन) कायद्यानुसार कोणी काय बनवावे आणि किती बनवावे हे सरकार ठरवत असे. इलेक्ट्रॉनिक्स हे तर राष्ट्रीय महत्त्वाचे क्षेत्र मानले गेले होते. आयात होणाऱ्या प्रत्येक सुट्या भागासाठी परकीय चलनाची परवानगी लागे आणि परकीय चलनाची देशात टंचाई होती. अशा वेळी खासगी, नवख्या, बिनवारशाच्या कंपनीला संगणकाचा परवाना मिळणे जवळजवळ अशक्य होते.

इथे लखनौ पुढे आले. त्या दशकात राज्य सरकारे इलेक्ट्रॉनिक्समध्ये उतरू लागली होती. केरळने १९७३ मध्ये केल्ट्रॉन काढली, उत्तर प्रदेशाने पुढच्याच वर्षी आपली कंपनी काढली आणि महाराष्ट्रात पुढे मेल्ट्रॉन आली. उत्तर प्रदेशाच्या कंपनीकडे सरकारी मान्यता होती. तिला संगणक बनवणारे हात हवे होते. मायक्रोकॉम्पकडे हात होते. तिला मान्यता हवी होती. दोघांनी हात मिळवले आणि ११ ऑगस्ट १९७६ रोजी हिंदुस्तान कॉम्प्युटर्स लिमिटेडची स्थापना झाली. राज्याच्या कंपनीचा वाटा होता २६ टक्के.

हा आकडा सहज निवडलेला नव्हता. १९५६ च्या कंपनी कायद्यात महत्त्वाच्या निर्णयांसाठी विशेष ठराव लागे आणि तो मंजूर होण्यासाठी तीन चतुर्थांश मते आवश्यक असत. ज्याच्याकडे २५ टक्क्यांहून थोडा अधिक वाटा आहे, तो असा ठराव रोखू शकतो. म्हणजे २६ टक्क्यांत सरकारला रोजचा कारभार हाती न घेताही पहारा ठेवता येत होता आणि उद्योजकांना मोकळेपणी काम करता येत होते. सरकार आणि खासगी उद्योजक यांच्या अशा जोडीला संयुक्त क्षेत्र म्हणत. १९६९ च्या दत्त समितीने या कल्पनेचा पुरस्कार केला होता. देशात अशा अनेक जोड्या जमल्या. त्यांतल्या फार थोड्या जगाच्या बाजारात टिकल्या आणि ही त्यांतली एक.

याच वर्षी, एप्रिल १९७६ मध्ये, दिल्लीच्या सीमेवर उत्तर प्रदेशाने नोएडा हे औद्योगिक नगर वसवायला घेतले. एचसीएलचा पसारा पुढे नोएडात वाढला. राजधानीच्या उंबरठ्यावर असूनही हे नगर लखनौच्या अखत्यारीत होते. आज नोएडा हे देशातल्या मोठ्या माहिती तंत्रज्ञान केंद्रांपैकी एक आहे. त्याच्या भरभराटीची सुरुवातीची काही पाने लखनौच्या कागदपत्रांत लिहिली गेली आहेत, हे फार जणांना ठाऊक नसते.

आपल्याकडे उद्योजकाची कथा सांगताना सरकार नेहमी अडथळा म्हणून येते. परवान्यांच्या जाचाने किती कल्पना मेल्या हे खरेच आहे. पण या कथेत एका राज्य सरकारने अनोळखी तरुणांवर विश्वास टाकला, तोही अशा क्षेत्रात जिथे कमाईची कोणतीही खात्री नव्हती. नाडर यांनीही सरकारला टाळण्यापेक्षा त्याला भागीदार करून घेतले. व्यवसायात भांडवलाइतकीच किंमत विश्वासार्हतेची असते आणि ती कधी कधी उसनी घ्यावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

आयबीएम गेली तेव्हा

कंपनी उभी राहताच दैवाने आणि धोरणाने एक दार उघडले. त्या काळात भारतातल्या संगणकांच्या बाजारावर अमेरिकेच्या आयबीएमचे वर्चस्व होते. परदेशात जुनी झालेली १४०१ मालिकेची यंत्रे नीट करून ती इथे भाड्याने देई. संसदेच्या लोकलेखा समितीने या पद्धतीवर टीका केली होती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना भारतातला आपला वाटा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणायचा होता. आयबीएमने नकार दिला. जनता सरकारात उद्योगमंत्री झालेले जॉर्ज फर्नांडिस, म्हणजे मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेले नेते, कायद्यावर ठाम राहिले. १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडला.

तिच्या ग्राहकांची यंत्रे सांभाळण्याचे काम कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आले. नव्या यंत्रांची गरज मात्र देशी उत्पादकांना भागवायची होती. एचसीएल, डीसीएम, ईसीआयएल अशा कंपन्यांसाठी मैदान मोकळे झाले. १९७८ मध्येच एचसीएलने आपला ८सी हा संगणक बाजारात आणला. ८ बिटांच्या मायक्रोप्रोसेसरवर चालणारे हे यंत्र. एका वेळी आठ द्विमान अंक, म्हणजे ० ते २५५ पर्यंतची संख्या हाताळणारा त्याचा मेंदू आजच्या साध्या मोबाइलपुढेही अगदीच दुबळा. पण त्या काळाशी ताडून पाहिले तर आश्चर्य वाटते. अमेरिकेत ॲपल-२ बाजारात आला तो १९७७ मध्ये. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला ऑगस्ट १९८१ मध्ये. तंत्रज्ञानात भारत नेहमीच दहा-वीस वर्षे मागे असतो या समजाला ८सीने तेव्हाच उत्तर दिले होते.

संधी सगळ्यांनाच मिळाली होती, टिकले थोडे. एचसीएल टिकली, कारण तिने संगणक विकणे आणि संगणक वापरायला शिकवणे ही दोन वेगळी कामे मानली नाहीत. ज्या देशात बहुसंख्य ग्राहकांनी संगणक पाहिलाही नव्हता, तिथे विक्रेत्याला आधी शिक्षक व्हावे लागणार होते. पगारपत्रक, साठ्याचा हिशेब, खातेवही यांतला कोणता ताप यंत्र हलका करील, हे ग्राहकाच्या भाषेत सांगावे लागे. म्हणून कंपनीने विक्रीसाठीही अभियंते नेमले आणि कोवळ्या वयात त्यांच्यावर मोठ्या जबाबदाऱ्या टाकल्या.

यंत्र अडले, माणसे पुढे गेली

१९८० मध्ये कंपनीने सिंगापूरमध्ये पाऊल ठेवले. १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवे संगणक धोरण जाहीर करून आयातीवरची बंधने सैल केली आणि एचसीएलने बिझीबी हा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. याच दशकात रंगराजन समितीच्या शिफारशींनुसार बँकांचे संगणकीकरण सुरू झाले आणि त्यात युनिक्स या कार्यप्रणालीला महत्त्व आले. एचसीएलच्या अभियंत्यांनी अनेक प्रोसेसर एकाच वेळी चालवणारी युनिक्स यंत्रे तयार केली होती. जगात त्या वेळी अशी कामगिरी मोजक्याच कंपन्यांच्या नावावर होती.

या आत्मविश्वासावर एचसीएल १९८९ मध्ये अमेरिकेत यंत्रे विकायला गेली. तो बेत फसला. पण तिथल्या कंपन्यांना यंत्रांपेक्षा ती बनवणाऱ्या अभियंत्यांचे कौशल्य हवे आहे, हे त्यातून उमगले. १९९१ मध्ये ह्युलेट-पॅकार्डशी भागीदारी झाली आणि त्याच वर्षी आजच्या एचसीएलटेकची मूळ कंपनी स्थापन झाली. ती १९९९ मध्ये शेअर बाजारात आली. यंत्र विकणारा उद्योग हळूहळू बुद्धी विकणारा उद्योग झाला. वस्तूच्या प्रेमात अडकून न पडता तिच्यामागच्या ज्ञानाला नवा ग्राहक शोधणे, ही नाडर यांच्या धोरणाची खूण ठरली.

याच घरातून व्यवस्थापनाचा एक विचार जगभर पोहोचला. विनीत नायर यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतल्यावर ‘कर्मचारी आधी, ग्राहक नंतर’ हे तत्त्व अमलात आणले. ग्राहकाला जे मूल्य मिळते ते त्याच्याशी थेट काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातून मिळते. म्हणून व्यवस्थापनाने त्या कर्मचाऱ्याला उत्तर द्यावे, अशी ही मांडणी. २०१० मध्ये नायर यांचे याच विषयावरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि अनेक देशांतल्या व्यवस्थापनशाळांत त्याची चर्चा झाली.

यशाचा हिशेब

नाडर यांनी १९९४ मध्ये शिव नाडर फाउंडेशन सुरू केले आणि १९९६ मध्ये वडिलांच्या नावाने चेन्नईजवळ अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. दानधर्माचे ते दोन प्रकार मानतात. संकटात सापडलेल्यांना मदत करणे हा एक. आणि पिढ्यान्‌पिढ्या चालतील, नवी माणसे घडवतील अशा संस्था उभारणे हा दुसरा. आपला भर त्यांनी दुसऱ्यावर ठेवला. आपण जे काही झालो ते शिक्षणामुळे, असे ते आवर्जून सांगत आले आहेत.

उत्तर प्रदेशाच्या वाट्याला त्यांच्या या विचाराचे सर्वांत सुंदर फळ आले. २००९ मध्ये बुलंदशहर जिल्ह्यात आणि त्यानंतर लखनौच्या उत्तरेला असलेल्या सीतापूर जिल्ह्यात ‘विद्याज्ञान’ या निवासी शाळा सुरू झाल्या. खेड्यांतल्या सरकारी शाळांत शिकणारी, गरीब घरची हुशार मुले-मुली परीक्षेतून निवडायची आणि सहावीपासून बारावीपर्यंत त्यांचे शिक्षण, राहणे, जेवण सारे मोफत करायचे, अशी ही योजना. ज्यांच्या घरात कुणी कधी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते अशी मुले इथून देशातल्या आणि परदेशांतल्या नामवंत विद्यापीठांत गेली आहेत. लखनौच्या शेजारच्याच हरदोई जिल्ह्यात एचसीएल फाउंडेशनने २०१५ मध्ये ‘समुदाय’ हा प्रकल्प हाती घेतला. शेती, आरोग्य, शिक्षण, पाणी, वीज अशा गरजांवर तिथे गावकऱ्यांना सोबत घेऊन काम चालते.

चक गंजरिया ते मिहान

लखनौत सुलतानपूर रस्त्यावर चक गंजरिया नावाचे राज्य सरकारचे मोठे पशुपालन क्षेत्र होते. त्या जमिनीवर नवे उपनगर आखले गेले आणि त्यातल्या सुमारे १०० एकरांवर एचसीएलचे आयटी शहर उभे राहिले. २०१६ मध्ये तिथे काम सुरू झाले. लखनौच्या पाठबळावर दिल्लीत उभी राहिलेली कंपनी चाळीस वर्षांनी लखनौत रोजगार घेऊन आली.

यामागे नोकऱ्यांच्या भूगोलाचा एक स्पष्ट विचार आहे. माहिती तंत्रज्ञानाचे काम बंगळूर, पुणे, हैदराबाद, नोएडा अशा मोजक्या शहरांत एकवटले आणि त्या शहरांवर माणसांचा भार पडला. गोरखपूरच्या किंवा गोंडाच्या मुलाला घर सोडून दीड-दोन हजार किलोमीटर जावे लागे. एचसीएलने मध्यम शहरांत केंद्रे काढण्याचे धोरण आखले. त्यात लखनौ आणि मदुराईबरोबर आपले नागपूरही आहे. नागपूरच्या मिहानमध्ये कंपनीचे केंद्र २०१८ मध्ये सुरू झाले, तेव्हा विदर्भातल्या पदवीधरांना घराजवळ काम मिळण्याचा एक रस्ता उघडला. बारावी झालेल्या मुलांना वर्षभर प्रशिक्षण देऊन नोकरी देणारी आणि नोकरीसोबत पदवीचे शिक्षण पुरवणारी ‘टेकबी’ ही योजनाही कंपनीने याच काळात आणली.

जुलै २०२० मध्ये नाडर यांनी एचसीएल टेक्नॉलॉजीजचे अध्यक्षपद कन्या रोशनी नाडर मल्होत्रा यांच्याकडे सोपवले. २००८ मध्ये भारत सरकारने शिव नाडर यांना पद्मभूषण देऊन गौरवले होते. त्यांच्या संपत्तीचे आकडे दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येतात आणि तरुण वाचक ते कौतुकाने वाचतात. त्याच वाचकांनी १९७६ चा तो करारही समजून घ्यावा, असे मनापासून वाटते. जोखीम पेलण्याची नव्या उद्योजकांची ताकद बेताची असते, तेव्हा समाजाने आपल्या सरकारमार्फत त्या जोखमीचा काही भाग उचलला तर काय घडू शकते, याचा तो पुरावा आहे. उत्तर प्रदेशाने त्या वेळी २६ टक्के जबाबदारी घेतली आणि सीतापूरच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांपर्यंत तिचा लाभ पोहोचला. महाराष्ट्रातही नवउद्योगांसाठी योजना आहेत, निधी आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयांची तर रेलचेल आहे. सांगली, लातूर, अमरावती इथल्या कल्पक मुलांच्या पाठीशी आपली राज्यसंस्था तेवढ्याच धीराने उभी राहिली, तर पुढची मोठी कंपनी तिथूनही उभी राहू शकेल.